भैरवीला फुटणारा आवाज

दसरा झाला की फुलवाल्यांचा सीझन संपतो आणि माझा सुरू होतो. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं. "काकू, परवापर्यंत मस्त वाजत होता, आज आवाज फुटतोय. स आला, श आला की ऐकवत नाही." मी एकच प्रश्न विचारते, "प्लेअरची पूजा केलीत का?" पलीकडे घरात कुणाला तरी विचारलं जातं. मग उत्तर येतं, "मी नाही, आईने केली."

मी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करते. हल्ली त्याला टर्नटेबल म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की आपण काहीतरी भारी करतो असं मलाही वाटायला लागतं. दार उघडणारा माणूस बहुतेक वेळा माझ्या खांद्यावरून मागे जिन्यात बघतो आणि विचारतो, "मिस्टर मागून येतायत का?" आमच्या मिस्टरांना घरातला बल्ब बदलायचा तरी शेजाऱ्याला हाक मारावी लागते. पण हे मी सगळ्यांना सांगत बसत नाही. चपला काढते, पिशवीतून भिंग काढते आणि कामाला लागते.

हे काम मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात शिकले. तिथे रेकॉर्ड प्लेअर बनायचे, आणि तयार झालेला प्रत्येक प्लेअर बाहेर पडायच्या आधी आम्हा बायकांच्या टेबलावर यायचा. आमचं काम ऐकण्याचं. चाचणीची तीच ती रेकॉर्ड दिवसभर लावायची आणि आवाज कुठे फाटला तर प्लेअर बाजूला काढायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "गाणी ऐकायचा पगार देतात? बरंय बाई तुमचं." सुरुवातीला मलाही ती चैनच वाटली. महिन्याभरात त्या रेकॉर्डवरची बाई माझ्या स्वप्नात येऊन गायला लागली. पुढे कॅसेट आली, कारखाना बंद पडला आणि आमचं टेबल पांगलं. कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी पोळीभाजी केंद्र काढलं, मी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागले. आणि ज्या वयात बायका हौसेने काशीला जाऊन येतात, त्या वयात माझ्यासमोर रेकॉर्डांची फॅशन परत येऊन पडली. टेबलावरच्या मैत्रिणी आत्ता हव्या होत्या असं फार वाटतं. कितीतरी तयार कान पोळ्या लाटण्यात वाया गेले.

आता आवाज फुटतो म्हणजे काय, ते सांगते. रेकॉर्डवर एकच लांबलचक चर असतो, बाहेरून आत गोल गोल जाणारा. पिन त्यातून चालते आणि चराच्या भिंती जशा वळतात तशी थरथरते. ती थरथर म्हणजेच गाणं. आ, ओ ही ऐसपैस वळणं, पिन ती आरामात घेते. स, श, च ही अगदी बारीक आणि दाट वळणं. पिन मळलेली असेल, झिजलेली असेल किंवा जराशी वाकडी बसली असेल, तर तिला ती वळणं जमत नाहीत आणि ती भिंतीवर आपटते. मग गाणारी बाई ‘सावळा’ म्हणते आणि आपल्याला तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून मी कुणाकडे गेले की आधी मशीन उघडत नाही, आधी नुसता स ऐकते. माझे कान आता पूर्वीचे राहिले नाहीत, वरचे बारीक आवाज निसटतात. पण फुटलेला स अजूनही भातात खडा लागावा तसा कळतो.

पूजेचा धडा मला घोडबंदर रोडवर मिळाला. निखिल नावाचा सॉफ्टवेअरमधला मुलगा, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून खाडी, आणि परदेशातून मागवलेला देखणा प्लेअर. त्याचे इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ बघून झाले होते. "काकू, वजन बरोबर आहे, लेव्हल बरोबर आहे, अलाइनमेंट पण मी केलंय. तरी स फुटतोय यार." यार म्हटल्यावर त्याने जीभ चावली. मी तपासलं, तर खरंच सगळं बरोबर होतं. पोराने माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. माझा एक चहा झाला, दुसरा झाला, आणि आता हात टेकायची वेळ आली, तेवढ्यात त्याची आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय झालं याला? परवाच तर एवढी साग्रसंगीत पूजा केली."

"कशाची?"

"याचीच. खंडेनवमीला. गाडी, त्याचा लॅपटॉप आणि हे. गाडीला बॉनेटवर लावलं, लॅपटॉपला झाकणावर. याला कुठे लावायचं कळेना. म्हटलं, सगळं काम ते टोक करतं, मग तिथेच लावू."

त्या प्लेअरची पिन लाल प्लास्टिकमध्ये बसवलेली होती, त्यामुळे तिच्यावर वाळलेलं कुंकू आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं. भिंगाखाली धरलं तर देवीच्या मळवटासारखं ठसठशीत. मऊ ब्रशने काढलं आणि स लगेच सरळ झाला. निखिल आईकडे बघत राहिला, आणि आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मग पुढच्या वर्षी कुठे लावू?" झाकणावर, असं मी सांगितलं. तेव्हापासून दसऱ्यानंतरचे निम्मे फोन मी घरबसल्या मिटवते. एरवी नवरात्रात तसंही माझ्या हातून काम होत नाही. मी टेंभी नाक्याच्या मागे, देवीच्या मांडवातल्या स्पीकरसमोरच राहते. देवीच्या दिवसांत शेजारणीने कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितलं तरी मोजता येत नाहीत, मग स कुठला ऐकणार.

दुसरे माझे आवडते गिऱ्हाईक कल्याणला पारनाक्यावरचे एक काका. त्यांचा रेकॉर्डांवर इतका जीव की त्यांनी पिनेचं वजन जवळजवळ काढूनच टाकलं होतं. "जेवढी हलकी, तेवढी रेकॉर्ड टिकणार. साधा हिशोब आहे," असं ते मला समजावत होते, आणि मागे एक नामवंत गवई सापासारखे फुत्कारत होते. मी म्हटलं, "काका, हातगाडी रिकामी असली की खड्ड्यात जास्त उडते ना? तसंच हे. पिन हलकी झाली की ती स वर उडते आणि पडताना भिंतीचा टवका काढते." काकांचा चेहरा पडला. जपून जपूनच आपण नुकसान केलं, हे पचायला त्यांना वेळ लागला. मी वजन वाढवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, डॉक्टरने इंजेक्शन काढल्यावर मिटतात तसे. गवई नीट गायला लागल्यावरच ते उघडले.

पण मला सांगायची आहे ती भैरवीची गोष्ट.

रेकॉर्डचा एक जन्मजात दोष आहे. बाहेरच्या कडेला वर्तुळ मोठं, म्हणून तिथे गाण्याला भरपूर जागा मिळते. आत मध्याकडे वर्तुळ लहान होत जातं आणि तेवढंच गाणं कमी जागेत दाटीवाटीने बसवावं लागतं. त्यामुळे शेवटचं गाणं फुटण्याची भीती सगळ्यात जास्त. इतर मुलखांत म्हणे शेवटी हळू, सोपं गाणं ठेवतात. आपल्याकडे शेवटी काय? भैरवी. मैफल असो, भजन असो, शेवट भैरवीनेच करायचा. म्हणजे जिच्यासाठी माणसं अडून बसतात, तीच आपण रेकॉर्डवरच्या सगळ्यात वाईट जागी नेऊन ठेवतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी ‘शेवटी आवाज थकतो’ अशा असतात. थकलेली असते पिन, नाव जातं गाणाऱ्याचं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी कोपरहून वैजयंती नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या सासूबाई, शकुंतलाबाई, तिथल्या महिला भजनी मंडळाच्या सुरुवातीपासूनच्या गायिका. ऐन उमेदीत त्यांची एक छोटी रेकॉर्ड निघाली होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन अभंग, शेवटचा अर्थातच भैरवीतला. आता मंडळाला दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात ती रेकॉर्ड लावून शकुंतलाबाईंचा सत्कार करायचा होता. आणि बाई ऐकायला तयार नव्हत्या.

"त्या म्हणतात, शेवटच्या गाण्यात माझा आवाज फाटलाय, माझी चारचौघांत शोभा करू नका," वैजयंती म्हणाली. "काकू, ती रेकॉर्ड निघाली आणि वर्षभरात त्यांनी मंडळात भैरवी घेणं सोडलं, ते कायमचं. बाकी सगळं गातात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भैरवी माझ्याच गळ्यात आहे. आता कशाबशा एकदाच ऐकायला तयार झाल्यात. वाईट वाजली तर रेकॉर्ड माळ्यावर टाकायची आणि परत नाव काढायचं नाही, असं ठरलंय."

रेकॉर्ड घराबाहेर न्यायची नाही हीही त्यांची अट होती. म्हणून मी माझाच प्लेअर चादरीत गुंडाळून टॅक्सीत मांडीवर घेतला आणि शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडत कोपरला पोचले.

शकुंतलाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पांढरीशुभ्र वेणी, नाकात चमकी, चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा. कोपऱ्यात त्यांचा जुना प्लेअर, वर क्रोशाचा रुमाल. मी रुमाल उचलला, तर पिन धरणाऱ्या आर्मच्या टोकावर आठ आण्याचं नाणं चिकटपट्टीने घट्ट बसवलेलं.

"ते यांनी लावलंय," शकुंतलाबाई म्हणाल्या. यांनी म्हणजे त्यांचे यजमान, नाना. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. "पिन उडायची सारखी. आठ आणे ठेवले की गप चालायची."

हे नाणं मी महाराष्ट्रातल्या घराघरांत पाहिलंय. पिन उडाली की आपला माणूस पिन बदलत नाही, वर नाणं ठेवतो. नाण्याच्या भाराने पिन उडायची थांबते आणि चर खरवडायला लागते. मी रेकॉर्ड खिडकीपाशी नेऊन भिंग लावलं. पहिली तीन गाणी काळी कुळकुळीत, चकचकीत होती. भैरवीचा पट्टा मात्र राखाडी पडला होता.

"हे एकच गाणं फार वाजलंय का हो?"

"रोज. हे सकाळी दाढी करताना लावायचे. तेवढंच. मी म्हणायचे, अहो, दुसरं लावा, यात माझा आवाज फाटलाय. तर नुसते हसायचे. शेवटी मीच आत निघून जायचे."

मी वैजयंतीकडे बघितलं. नानांनी ते गाणं रोज ऐकून ऐकून झिजवलं होतं, आणि शकुंतलाबाई ती झीज स्वतःच्या गळ्याची समजून बसल्या होत्या. पण हे असं बोलून पटणारं नव्हतं, ते त्यांना ऐकवायलाच हवं होतं. आणि ते ऐकवता येईल याची मला खात्री नव्हती. जुन्या प्लेअरची जाड पिन चराच्या भिंतीला एका ठरावीक उंचीवर घासते. माझ्या प्लेअरची पिन बारीक, ती त्याहून खाली उतरते. तिथली भिंत शाबूत असेल तर मूळचा आवाज मिळतो. नानांच्या आठ आण्यांनी तीही खाल्ली असेल, तर मग काही इलाज नाही.

मला आधी एकटीने वाजवून बघायचं होतं. "तुम्ही जरा आत पडा, मी हाक मारते," असं म्हटलंही. बाई हलल्या नाहीत. "मी इथेच बसते. जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे."

मी रेकॉर्ड धुतली, पुसली, लावली. पहिली बाजू सुरेख वाजली. आवाज काय होता. भरदार, स्वच्छ, कुठेही नाटक नाही. वैजयंतीने तोंडाला पदर लावला. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणंही छान गेलं. मग भैरवी सुरू झाली, आणि पहिल्याच स ला तव्यावर पाणी पडलं. जुन्या प्लेअरपेक्षा कमी असेल, पण पडलं. शकुंतलाबाईंनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठायला लागल्या.

"झालं समाधान? मी सांगत होते."

"बसा हो," मी जरा जोरातच म्हटलं. "तुमचं झालं असेल, माझं अजून झालेलं नाही."

त्या बसल्या. वयाने माझ्याहून थोरल्या बाईंवर आपण खेकसलो याचं मला वाईट वाटलं, पण आवाजात जोर आणला नसता तर माझीच भीती दिसली असती. मी पिन उचलली आणि विचार केला. पिन बसवताना आपण ती बाहेरपासून आतपर्यंत सगळीकडे बऱ्यापैकी बसेल अशी बसवतो. सगळ्यांना थोडं थोडं, कुणालाच पुरतं नाही. इथे मला बाकीच्या गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मी पिनेचा कोन जुळवायचं रेघांचं कार्ड काढलं, दोन बारीक स्क्रू सैल केले आणि पिन फक्त त्या शेवटच्या, सगळ्यात आतल्या जागेसाठी सरळ केली. पहिलं गाणं बिघडलं तर बिघडू दे. मग माझ्या जुन्या पावडरच्या डबीतला आरसा तबकडीवर ठेवला आणि पिन प्रतिबिंबावर उभी टेकते का, ते पाहिलं. केसभर कललेली होती, ती नीट केली. वजन चिमूटभर वाढवलं. वैजयंतीने ठेवलेल्या चहावर साय आली होती.

पुन्हा भैरवी लावली. पहिला स आला आणि गेला. तो स आहे हे लक्षातही येऊ नये, इतका साधा. दुसरा आला, तोही तसाच. मी वैजयंतीला खुणेने विचारलं, तुला कसा येतोय? माझ्या कानांवर आता एकटीने भिस्त ठेवत नाही मी. तिने मान हलवली. डोळे भरलेले होते तिचे. माझेही भरले, खोटं कशाला बोलू. मागे थोडी खरखर होती, पण त्या खरखरीच्या पुढे एक तरुण बाई मोकळ्या गळ्याने गात होती आणि तिचा आवाज कुठेही फाटलेला नव्हता.

शकुंतलाबाई हलल्या नव्हत्या. त्यांचा एक हात तेवढा मांडीवर ठेका धरत होता.

मग शेवटच्या अंतऱ्यात, सूर वर चढला तिथे, आवाज जरासा अडखळला. श्वास कमी पडावा आणि वरचा सा किंचित खाली राहावा, तसं काहीतरी. इतकं सगळं करून नेमकं तिथे. गाणं संपताच मी घाईघाईने म्हटलं, "ते वरचं मनावर घेऊ नका हं. रेकॉर्डचं भोक बरोबर मध्यावर नसलं की सूर असा हलतो. तो रेकॉर्डचाच दोष."

"नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"अहो, खरंच असं होतं."

"होत असेल. हे तसलं नाही. हे माझं आहे." त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. "रेकॉर्डिंगला काचेच्या पलीकडे हे उभे होते. शेवटचा अंतरा आला आणि यांनी अशी काही मान डोलवली, टोपी पडली खाली. मला हसू फुटलं. कसंबसं दाबलं, पण श्वास गेला. तोच हा. मी विसरलेच होते. इतकी वर्षं त्या खरखरीत मला हे ऐकूच आलं नाही."

त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या प्लेअरकडे, त्या आठ आण्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "यांना येत होतं ऐकू."

दाढीचा साबण तोंडाला लावून, आठ आणे ठेवलेल्या पिनेखालून रोज सकाळी तेवढं एक दाबलेलं हसू ऐकणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी इतकी वर्षं लोकांच्या रेकॉर्डांमधले दोष काढत आले. हा एक दोष होता, जो काढायचा नव्हता.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. आत्तापर्यंत मला अहोजाहो करत होत्या. "शेवटचंच लाव."

मी लावलं. ती जागा यायच्या आधीच या वेळी त्या हसायला लागल्या, अगदी खांदे हलवून, आणि रेकॉर्डमधलं दाबलेलं हसू त्यांच्या हसण्यात मिसळून गेलं. मी पिन उचलली. त्यांनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि सुनेला हाक मारली.

"वैजू, गुरुवारी मंडळात भैरवी मी घेते."

"घ्या की," वैजयंती नाक ओढत म्हणाली. "मी झांजा धरते."